फादर लमेत्र यांनी खोडलेले वाक्य

विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे जमते की नाही, हा प्रश्न निघाला की गॅलिलिओचे नाव हटकून येते. १६३३ सालचा तो खटला आणि त्या प्रकरणी तत्कालीन ईशज्ञान्यांची चूक झाल्याची पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी दिलेली कबुली, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; ते येथे पुन्हा उगाळण्याची आमची इच्छा नाही. आम्हांला अधिक काळजी वाटते ती उलट दिशेने होणाऱ्या घाईची. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जे सांगितले तेच आता महास्फोटाच्या सिद्धांताने सिद्ध झाले, हे विधान आपण प्रवचनांत ऐकतो, धर्मशिक्षणाच्या वर्गांत सांगतो आणि वादाच्या वेळी हुकमाच्या पानासारखे टाकतो. हा सिद्धांत प्रथम मांडणारा माणूस कॅथॉलिक धर्मगुरू होता, हेही अभिमानाने जोडतो. त्या धर्मगुरूंना स्वतःला मात्र हे विधान मुळीच मान्य नव्हते. इतकेच नव्हे, तर खुद्द पोपमहोदयांच्या मुखातूनही ते पुन्हा येऊ नये म्हणून त्यांनी खटपट केली.

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. युद्ध संपल्यावर गणित आणि गुरुदीक्षेची तयारी त्यांनी बरोबरच चालविली, आणि १९२३ साली कार्डिनल मर्सिए यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे व पुढे अमेरिकेत अध्ययन करून १९२५ साली ते लुव्हाँच्या विद्यापीठात परतले. तेथेच त्यांनी हयातभर अध्यापन केले.

१९२७ साली ब्रुसेल्सच्या एका वैज्ञानिक नियतकालिकात त्यांनी फ्रेंचमध्ये एक निबंध लिहिला. आइन्स्टाइन यांच्या समीकरणांनुसार विश्व प्रसरण पावत असले पाहिजे, आणि दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगाने ती आपल्यापासून लांब जाताना दिसली पाहिजे, असे त्यात दाखविले होते. त्याच वर्षी दोघांची ब्रुसेल्समध्ये भेट झाली. तुमचे गणित बरोबर आहे, पण तुमचे भौतिकशास्त्र घृणास्पद आहे, असे आइन्स्टाइन त्यांना म्हणाले. दोन वर्षांनी हबल यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि तो नियम हबल यांच्या नावाने रूढ झाला. लमेत्र यांच्या निबंधाचा १९३१ साली इंग्रजी अनुवाद निघाला, तेव्हा प्रसरणाच्या गतीविषयीचा भाग त्यातून गळला होता. त्यांचे श्रेय कोणी तरी दडपले, असा संशय पुष्कळ वर्षे घेतला जाई. २०११ साली जुना पत्रव्यवहार तपासला गेला, तेव्हा कळले की तो अनुवाद लमेत्र यांनीच केला होता आणि तो भाग आता जुना झाला म्हणून त्यांनीच वगळला होता. श्रेयाविषयी इतका उदासीन संशोधक विरळाच. त्या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने २०१८ साली केली.

१९३१ च्याच मे महिन्यात ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांचे एक छोटे पत्र आले. विश्वाचा आरंभ एका आद्य अणूच्या विघटनातून झाला असावा, ही कल्पना त्यात होती. या पत्राचा टंकलिखित मसुदा उपलब्ध आहे. त्याच्या अखेरीस आणखी एक वाक्य होते. परमेश्वर स्वभावतःच गुप्त आहे, आणि आजचे भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा कसा धरते हे पाहून श्रद्धावंताला आनंद वाटेल, असा त्याचा आशय. हे वाक्य छापण्यापूर्वी खोडलेले आहे. त्यातला परमेश्वर यशयाच्या ग्रंथातला गुप्त परमेश्वर आहे, दुर्बिणीतून सापडणारा नव्हे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. तरीही विज्ञानाच्या पत्रात त्याला जागा नाही, असेच लमेत्र यांनी ठरविले असावे. तरुणपणी, १९२१ च्या सुमारास, उत्पत्तीच्या पहिल्या ओळी भौतिकशास्त्राशी जुळवण्याचा प्रयत्न त्यांनीही करून पाहिला होता. पुढे ती वाट त्यांनी कायमची सोडली.

मग १९५१ साल उजाडले. २२ नोव्हेंबर रोजी पोप पायस बारावे यांनी पोंटिफिकल अकॅडमी ऑफ सायन्सेसपुढे भाषण केले. आजचे विज्ञान कोट्यवधी वर्षे मागे जाऊन ‘प्रकाश होवो’ या आद्य शब्दाचे साक्षीदार झाल्यासारखे दिसते, असा त्याचा सूर होता. हा निर्मितीचा निर्णायक पुरावा नव्हे, असा इशाराही पोपमहोदयांनी दिला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु इशारे कोणाच्या लक्षात राहतात? जॉर्ज गॅमो या मिश्कील शास्त्रज्ञाने तर दुसऱ्याच वर्षी आपल्या शोधनिबंधात त्या भाषणाचे अवतरण दिले.

अकॅडमीचे सदस्य असलेले लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांचे सहकारी गोदार यांच्या आठवणीप्रमाणे, १९५२ साली दक्षिण आफ्रिकेतील परिषदेला जाताना ते वाटेत रोमला थांबले आणि व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर ओकॉनेल या येशूसंघीय धर्मगुरूंना भेटले. ७ सप्टेंबर १९५२ रोजी पोपमहोदय रोममध्ये जमलेल्या जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलले. या वेळी महास्फोटाची उत्पत्तीशी सांगड घातली गेली नाही.

लमेत्र यांच्या या आग्रहामागे भिडस्तपणा नव्हता, पक्के ईशज्ञान होते. कार्डिनल मर्सिए यांच्या लुव्हाँमध्ये संत थॉमस अक्वायनस घोटून घेतला जाई. विश्वाला काळात आरंभ आहे हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेने स्वीकारावे लागते, असे या संताने तेराव्या शतकातच सांगून ठेवले होते. निर्मिती म्हणजे सुरुवातीला दिलेला एक धक्का नव्हे; जे जे आहे ते प्रत्येक क्षणी परमेश्वरावर विसंबून आहे, हा तिचा अर्थ. विश्व अनादी असते तरीही ते निर्मितच असते.

मराठी वाचकाला याची कसोटी घरबसल्या घेता येते. विश्वाला आरंभ नाही असे मानणारा स्थिर स्थिती सिद्धांत १९४८ साली पुढे आला. त्याच्या प्रवर्तकांपैकी फ्रेड हॉईल यांनीच १९४९ साली बीबीसीच्या नभोवाणीवर ‘बिग बँग’ हे नाव प्रथम उच्चारले. हॉईल यांचे शिष्य आपले डॉ. जयंत नारळीकर. पुण्यात ‘आयुका’ उभारणाऱ्या आणि आपल्या मुलांना विज्ञानकथांची गोडी लावणाऱ्या या शास्त्रज्ञाने १९९३ साली हॉईल व बर्बिज यांच्यासह त्या सिद्धांताचे सुधारित रूप मांडले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. महास्फोटाविषयीची त्यांची शंका अखेरपर्यंत टिकून होती. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नव्हते. पण समजा, नारळीकरच बरोबर ठरले असते, तर? ज्याने आपली श्रद्धा महास्फोटावर टांगली, त्याला त्या दिवशी ती खाली उतरवून ठेवावी लागली असती. फादर लमेत्र यांना आपला सिद्धांत तेवढा मागे घ्यावा लागला असता. दुसऱ्या दिवशीची मिस्सा त्यांनी नेहमीसारखीच अर्पण केली असती.

तशी वेळ आली नाही. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन या अमेरिकी संशोधकांना सर्व दिशांनी येणारे एक मंद प्रारण सापडल्याचे प्रसिद्ध झाले. तप्त आरंभाची ती उरलेली ऊब होती. लमेत्र तेव्हा आजारी होते. गोदार यांनी ती बातमी त्यांना मृत्यूपूर्वी सांगितली. २० जून १९६६ रोजी लुव्हाँ येथे त्यांचे निधन झाले. पोंटिफिकल अकॅडमीचे अध्यक्षपद १९६० पासून त्यांच्याकडेच होते.