मोडशीचं कूळ

आमच्या दौंड-शिरूरकडे पोट बिघडून चार वेळा ढाळ-उलटी झाली की जुनी माणसं म्हणतात, "मोडशी झालीय, ओवा चाव." एकेकाळी हाच शब्द पटकीला, म्हणजे कॉलऱ्यालाही वापरत. माणूस पार मोडून पडतो, म्हणून मोडशी. १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने तो टिपला. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं 'मोर्देशी' झालं आणि फ्रेंचांना त्यात 'मोर-द-श्याँ', म्हणजे कुत्र्याचं मरण, ऐकू आलं. मोडणं गेलं, कुत्रं आलं! तरी शब्दाचा माग निदान लागतो. रोगाचा लागायला फार वर्षं गेली.

३१ डिसेंबर १८१७ ला शिरूरच्या छावणीतून इंग्रजांची तुकडी कोरेगाव भीमाच्या वाटेने पुण्याकडे निघाली. पुढच्याच वर्षी शिरूरला पटकी आली. बंगालात जेसोरला उठलेली ही साथ नागपूर, जालना, नगर, शिरूर, पुणे, पनवेल असे मुक्काम करत ऑगस्ट १८१८ मध्ये मुंबईत शिरली. ठिकठिकाणच्या सर्जनांनी मुंबईच्या मेडिकल बोर्डाला धाडलेले अहवाल १८१९ मध्ये छापले गेले. त्या काळचा डॉक्टरी उपाय म्हणजे शीर तोडून रक्त काढायचं, वर पारा आणि अफू. अंगातलं पाणी आटून जो मरायला टेकलाय, त्याचंच रक्त काढायचं! इकडे गावकरी मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडत. माझ्या मते त्या दोन्हींत गाडा बरा. त्याने रोग्याचं काही बिघडत नव्हतं, पुढच्या गावाशी भांडण तेवढं व्हायचं.

जंतू इटलीतल्या पाचिनीने १८५४ मध्ये पाहिला, रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात पक्का केला, आणि त्याचं विष शंभुनाथ डे यांनी तिथेच १९५९ मध्ये दाखवून दिलं. पण हा कुणाचा कोण, हे कळायला त्याची जनुकीय पोथीच वाचावी लागणार होती.

ती २००० साली अमेरिकेत रॉकव्हिलच्या 'टायगर' संस्थेने वाचली. जंतू १९७५ सालचा, बांगलादेशातला. वाचायची तऱ्हा अशी: एकाच पोथीच्या पुष्कळ प्रती घ्यायच्या, त्यांच्या वेड्यावाकड्या चिंध्या करायच्या, एकेका चिंधीवरची काहीशे अक्षरं वाचायची आणि सारखा मजकूर एकावर एक बसवत संगणकाने अख्खी पोथी लावायची. अक्षरं निघाली ४०,३३,४६०. बहुतेक जिवाणूंचं गुणसूत्र एकच असतं, इथे दोन: थोरलं साडेएकोणतीस लाखांच्या वर अक्षरांचं, धाकटं पावणेअकरा लाखांच्या आसपास. विषाचं जनुक थोरल्यावर आहे, पण ते घरचं नव्हे. जिवाणूत शिरणाऱ्या एका विषाणूने ते आणलं, हे १९९६ मध्येच उघड झालं होतं. म्हणजे ज्याच्यापायी एवढी बदनामी, ते विष दत्तक आलेलं!

एक पोथी लागली की दुसरी तिच्याशी ताडून पाहता येते. २०११ मध्ये १५४ नमुन्यांची अक्षरं ताडली, तेव्हा जगभर फिरणारी सातवी साथ बंगालच्या उपसागराकडून तीन लाटांत पसरल्याचं दिसलं. १८४९ साली फिलाडेल्फियात पटकीने मेलेल्या एकाचं आतडं तिथल्या संग्रहालयात बरणीत राहिलं होतं. २०१४ मध्ये त्यातला जंतूही वाचला गेला. १८१८ च्या साथीची वाट मात्र आपण अजून त्या सर्जनांच्या कागदांवरूनच सांगतो: अमक्या छावणीत अमक्या तारखेला.

आज आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवत, वरवंडला मुक्कामी यायची असली की आधी गावच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते. पाणीवाला काचेच्या नळीत थोडं पाणी घेतो, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) दोन थेंब टाकतो आणि नळी उजेडाकडे धरतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नाही झालं तर तो परत विहिरीकडे वळतो.