अल्झायमरच्या निदानासाठी रक्तचाचणी : शक्यता आणि मर्यादा

नवी दिल्ली : स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार असलेल्या अल्झायमरचे निदान रक्ताच्या नमुन्यातून करण्याचे संशोधकांचे प्रयत्न आता प्रत्यक्ष चाचणीपर्यंत पोहोचले आहेत. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराचे प्रथम वर्णन केले. मात्र त्यानंतर अनेक दशके त्याची खात्री मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीतूनच होत असे.

या आजारात मेंदूतील पेशींबाहेर बीटा-अमायलॉइड प्रथिनाचे थर साचतात, तर पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते तयार होतात. लक्षणे दिसण्याच्या सुमारे १५ ते २० वर्षे आधीच ही प्रक्रिया सुरू होते. ती ओळखण्यासाठी खर्चिक पेट स्कॅन किंवा कमरेच्या मणक्यातून सुईने काढलेल्या द्रवाची तपासणी करावी लागते. या सुविधा मोजक्याच रुग्णालयांत उपलब्ध असतात.

रक्तात या प्रथिनांचे प्रमाण अत्यल्प असल्याने ती मोजण्यासाठी अतिसंवेदनशील तंत्राची गरज होती. सध्या सर्वाधिक विश्वासार्ह मानला जाणारा जैवनिर्देशक म्हणजे ‘पी-टाऊ २१७’. मेंदूत अमायलॉइड साचू लागताच रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. स्वीडनमधील १,२१३ रुग्णांच्या २०२४ मधील अभ्यासात रक्तचाचणीची अचूकता सुमारे ९१ टक्के आढळली. केवळ नेहमीच्या तपासणीवरून प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टरांनी केलेले निदान सुमारे ६१ टक्के प्रकरणांतच बरोबर ठरले होते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अशा पहिल्या चाचणीला मान्यता दिली. पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड यांचे गुणोत्तर मोजणारी ही चाचणी लक्षणे असलेल्या ५५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी आहे. ४९९ नमुन्यांच्या तपासणीत तिचे ९१.७ टक्के सकारात्मक आणि ९७.३ टक्के नकारात्मक निष्कर्ष प्रस्थापित चाचण्यांशी जुळले. मात्र २० टक्क्यांपेक्षा काहीशा कमी नमुन्यांबाबत निष्कर्ष अनिश्चित राहिला.

मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकारातही पी-टाऊचे प्रमाण वाढू शकते. त्यामुळे केवळ रक्ताच्या अहवालावरून निदान करू नये, तसेच लक्षणे नसलेल्यांनी ही चाचणी सरसकट करू नये, असे तज्ज्ञ सांगतात.

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. लेकानेमॅब व डोनानेमॅब ही औषधे आजार बरा करत नाहीत. सुरुवातीच्या टप्प्यात त्याची गती काही प्रमाणात मंदावतात. म्हणूनच वेळेवर निदान महत्त्वाचे ठरते.