एक दिवस, तीन तारखा

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. गावोगावच्या उंच सासनकाठ्या नाचत येतात, दवणा वाहिला जातो आणि ‘चांगभलं’च्या गजरात जोतिबाची मोठी यात्रा भरते. शके 1602 मध्ये याच तिथीला रायगडावर शिवाजी महाराजांनी देह ठेवला. हा योग सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही, कारण शाळेत आपण पाठ केलेली आहे ती तारीख: 3 एप्रिल 1680.

आता ही तारीख नेमकी कोणत्या पंचांगाची, असा प्रश्न विचारावयास हवा. महाराजांचे निधन शनिवारी झाले. आज आपल्या भिंतीवर असलेले कॅलेंडर मागे मोजत नेले, तर 3 एप्रिल 1680 रोजी बुधवार येतो! शनिवार आणि पौर्णिमा जुळतात त्या 13 एप्रिलला. इतिहासग्रंथांत रूढ झालेली तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. मुंबईचे इंग्रज तेव्हा तीच गणना वापरीत असत.

या दहा दिवसांच्या तफावतीचे मूळ आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. ज्युलियन वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. एवढ्याशा फरकाचे शतकाशतकांनी दिवस झाले. इ. स. 325 च्या निसिया परिषदेच्या काळात 21 मार्चला येणारा वसंतसंपात सोळाव्या शतकात 11 मार्चला येऊ लागला, आणि त्यावर अवलंबून असलेला ईस्टरचा सणही ढळू लागला. म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी 1582 साली सुधारणा केली. त्या कामी येशूसंघीय गणिती क्लाव्हियस यांचा मोठा हातभार होता. 4 ऑक्टोबरनंतर एकदम 15 ऑक्टोबर उजाडला. आविलाची संत तेरेजा नेमकी त्याच रात्री ख्रिस्तवासी झाली. तिचा सण आपण 15 ऑक्टोबरला पाळतो, त्यामागे हा योगायोग आहे.

स्पेन व पोर्तुगाल यांनी नवी गणना तत्काळ स्वीकारली. पोपने केलेली सुधारणा म्हणून इंग्लंड मात्र 1752 पर्यंत अडून बसले. (सूर्याला पंथभेद नसतो, हे राजदरबारांना पटावयास वेळ लागतो.) त्यामुळे 23 एप्रिल 1616 ही शेक्सपिअरची मृत्युतिथी आणि सर्व्हान्तेसच्या दफनाची नोंद एकाच तारखेची असली, तरी त्यांत दहा दिवसांचे अंतर आहे. त्याच 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकात राचोल येथे छापले गेले. गोव्यात राहणाऱ्या या इंग्रज धर्मगुरूच्या टेबलावरची तारीख त्यांच्या जन्मभूमीच्या तारखेहून दहा दिवस पुढे होती.

आता पुन्हा त्या शनिवारकडे येऊ. रायगडावर चैत्र शुद्ध पौर्णिमा. इंग्रजांच्या मुंबईत 3 एप्रिल. आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांच्या वसईत 13 एप्रिल, झावळ्यांच्या रविवारची पूर्वसंध्या. रायगडावर शोककळा पसरली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी वसईचे भाविक पवित्र सप्ताहात प्रवेश करीत होते. पुढचा योग तर अधिकच मौजेचा आहे. त्या वर्षी ईस्टर मुंबईत 11 एप्रिलला आणि वसईत 21 एप्रिलला होता. परंतु तो एकच रविवार होता. तारखांवरून भांडणाऱ्या दोन्ही पंथांनी प्रभूचे पुनरुत्थान एकाच सकाळी साजरे केले.

दिनविशेषाच्या सदरांत आपली फसगत होते ती इथेच. 13 जुलैखाली 1660 ची पावनखिंड आणि 1917 चे फातिमा येथील पवित्र मातेचे तिसरे दर्शन शेजारी शेजारी छापता येतील. पण जोतिबाच्या डोंगराजवळच्या पन्हाळ्यावरून महाराज निसटले ती आषाढी पौर्णिमेची रात्र नव्या गणनेने 22 जुलैची, म्हणजे संत मरिया मग्दालीनच्या सणाची होती. बाजीप्रभूंनी देह ठेवला तो दिवस 23 जुलै. बाजीप्रभूंचे मोल त्याने कमी होत नाही. मात्र ‘त्याच दिवशी’ हे शब्द मुलांना शिकविताना आपण जपून वापरावेत, असे मला वाटते.

ईस्टरचा हिशेब आजही चंद्रावरच चालतो. छापील कॅलेंडर आयते हाती येते म्हणून आपल्याला त्याची आठवण राहत नाही, एवढेच. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार तो ईस्टरचा. बहुतेक वर्षी ही पौर्णिमा चैत्राचीच असते. संपातानंतर ती फार लवकर आली की ती फाल्गुनाची ठरते, आणि ईस्टर व जोतिबाची यात्रा यांत महिन्याचे अंतर पडते. 2024 साली ईस्टर 31 मार्चला झाला, तर चैत्र पौर्णिमा 23 एप्रिलला आली. पुढच्याच वर्षी 1680 ची मांडणी जशीच्या तशी परतली: 12 एप्रिल 2025, शनिवार, डोंगरावर चैत्र पौर्णिमेची यात्रा, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या चर्चमध्ये झावळ्यांची मिरवणूक.