तपासणारा माणूस कोणाचा?

आपल्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. टेस्टरचं अप्रेझल जर रिलीजची तारीख गाठायची घाई असलेल्या मॅनेजरच्याच हातात असेल, तर बग्जचे हळूहळू 'नोन इश्यूज' होतात. कोणी लाच देत नाही, कोणी धडधडीत खोटं बोलत नाही... तरी होतात. नव्या घरांची तपासणी करणाऱ्यांचा इतिहास वाचला तर हाच प्रश्न साडेतीनशे वर्षं पुन्हा पुन्हा भेटतो. लंडनमध्ये तर तो अगदी स्वच्छ दिसतो.

सप्टेंबर १६६६. पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली, चार दिवस धुमसत राहिली आणि तेरा हजारांवर घरं खाक झाली. बरीचशी लाकडी, एकमेकांना खेटून उभी. १६६७ साली पुनर्बांधणीचा कायदा आला. घरांचे चार प्रकार, बाहेरून फक्त वीट किंवा दगड, भिंतीची जाडी किती हेसुद्धा कायद्यातच. पण खरी हुशारी पुढे होती. हे नियम पाळले जातायत का ते बघायला शहराने सर्व्हेयर नेमायचे, आणि त्यांनी तशी शपथ घ्यायची.

त्यातले एक होते रॉबर्ट हूक. होय, तेच, फिजिक्सच्या पुस्तकात स्प्रिंग ताणणारे! राखेच्या ढिगाऱ्यांत फिरून, खुंट्या ठोकून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो घरांचे पाये आखून दिले. गंमत म्हणजे पैशांची सोय बघा. एका पायाच्या आखणीचे ६ शिलिंग ८ पेन्स घरमालकानेच द्यायचे, पण ते सर्व्हेयरच्या हातात नाही, शहराच्या खजिन्यात. तिथली पावती दाखवली की सर्व्हेयर येणार.

१७७४ च्या कायद्याने लंडनमध्ये प्रत्येक भागाला एकेक डिस्ट्रिक्ट सर्व्हेयर दिला. त्याची फी बांधणाऱ्याकडूनच यायची. मग तो बिल्डरचाच माणूस झाला की! तर नाही. फीचे दर कायद्याने ठरलेले आणि भागही ठरलेला. 'हा फार कटकट करतो, दुसरा आणू' अशी सोय नव्हती. म्हणजे पैसे कोण देतो यापेक्षा माणूस निवडतो कोण, हा प्रश्न मोठा.

दुसरा प्रश्न कळायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. लंडनभोवती झपाट्याने उपनगरं उभी राहत होती, आणि टॅक्सीचालक नवरा असलेल्या एल्सी बॉर्डर्स यांनी वेस्ट विकहॅममध्ये कर्ज काढून नवंकोरं घर घेतलं. छत गळायचं, भिंतींना ओल, वायरिंग सदोष. १९३७ साली बाईंनी हप्ते थांबवले. कर्ज देणारी संस्था कोर्टात गेली आणि बाई स्वतःच उभ्या राहून आपली बाजू मांडू लागल्या. म्हणणं साधं होतं : घर चांगलं आहे असं भासवूनच तुम्ही कर्ज दिलंत ना? त्यांच्यामागोमाग हजारो कर्जदारांनी हप्ते रोखले. १९३९ साली बिल्डिंग सोसायट्यांचा कायदा बदलला; बाई मात्र १९४१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हरल्या.

इथे मुद्दा असा की कर्जापूर्वीची तपासणी घेणाऱ्यासाठी नसायचीच, ती असायची कर्ज देणाऱ्यासाठी. हे बदलायला १९८९ उजाडलं. नॉर्विचमधल्या एका बाईंनी, नव्या नाही, जुन्या घरासाठी संस्थेकडे तपासणीचे ३६ पौंड ८९ पेन्स भरले होते. सर्व्हेयरने 'मोठी दुरुस्ती लागणार नाही' असा अहवाल दिला. दीड वर्षाने आधार काढून घेतलेलं धुराड्याचं बांधकाम छत फोडून बेडरूममध्ये कोसळलं! 'घेणारीही या अहवालावर विसंबणार हे सर्व्हेयरला माहीत होतं, म्हणून तो तिलाही जबाबदार' असं हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं.

दरम्यान पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र उलटं फिरलं होतं. १९८४ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये खासगी 'मान्यताप्राप्त इन्स्पेक्टर' आले. आता बांधणाराच ठरवू शकत होता की तपासायला पालिका हवी की खासगी माणूस. स्पर्धेने काम वेगाने होईल ही कल्पना, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. पण गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर 'नाही' म्हणणं जड जातंच.

१४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली. तिथली तपासणी खासगी इन्स्पेक्टरकडे नव्हती, पालिकेकडेच होती आणि तीही सपशेल फसली, हे विसरू नये. सरकारी शिक्का म्हणजे जादू नव्हे. तरीही २०२४ च्या चौकशी अहवालाने खासगी इन्स्पेक्टरांच्या व्यापारी हितसंबंधांवर बोट ठेवलं. त्याआधीच, २०२२ च्या कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी (१८ मीटर किंवा सात मजले) तपासनीस निवडायचा हक्क बांधणाऱ्याकडून काढून घेतला होता. फिरून गाडी १७७४ च्या स्टेशनावर!

आता आपल्याकडे बघू. रेराच्या २०१६ च्या कायद्यात चांगल्या तरतुदी आहेत. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने तो फुकट दुरुस्त करायचा. आपले ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात, आणि इंजिनियर, आर्किटेक्ट, सीए यांनी दाखला दिल्यावरच काढायचे. पण हे दाखले आणतो कोण? बिल्डरच. आणि पुढचा हप्ता सोडण्याआधी बँकेचा माणूस साइटवर येतो तो बँकेसाठी. त्याच्या भेटीवर 'बँकेने बघितलंय म्हणजे ठीकच असणार' असं म्हणून आपण निर्धास्त होतो. बॉर्डर्सबाईंचं घरही कोणीतरी बघितलेलंच होतं.

तेव्हा घर घेताना कारपेट एरिया विचारालच, त्याबरोबर दोन प्रश्न आणखी विचारा. तपासणाऱ्याला निवडलं कोणी? आणि त्याचा अहवाल कोणासाठी? दोन्हीचं उत्तर 'मी नाही' असं आलं, तर आपल्या खर्चाने आपला एक इंजिनियर ताबा घेण्याआधी नेऊन आणावा. वीस वर्षांच्या ईएमआयपुढे त्याची फी ती काय!