हेल्मेटची गरज शहरापेक्षा गावात जास्त: रोहिणखेड आणि परिसरातल्या दुचाकीस्वारांसाठी माहिती

मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड हे डोंगराच्या पायथ्याचं जुनं गाव. १५८२ मध्ये खुदावंतखान महदवी यांनी बांधलेली मशीद इथे आहे. या गावाजवळ दोन मोठ्या लढाया झाल्या. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरी यांनी खानदेशच्या नासिरखान फारुकी यांचा इथे पराभव केला, आणि १५९० मध्ये बुऱ्हाण निजामशाह व जमालखान इथेच समोरासमोर आले. त्या काळचा घोडेस्वार लढाईला निघताना डोक्यावर लोखंडी टोप आणि अंगात जिरह, म्हणजे कड्यांचं चिलखत घालत असे. मराठीतला ‘जिरेटोप’ हा शब्द याच जिरहवरून आला.

आज त्याच भागातले रस्ते आपण मोटारसायकलवरून घोड्यापेक्षाही जास्त वेगाने कापतो, आणि तेही उघड्या डोक्याने. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: “इथंच तर जायचंय.” मोताळ्याला बाजार, धामणगाव बढेला काम, मलकापूरला रेल्वे स्टेशन, नाहीतर राजूर घाट चढून बुलढाण्याला दवाखाना किंवा कोर्ट. हेल्मेट ही पुण्या-मुंबईच्या लोकांची गोष्ट, असं आपण धरून चालतो. खरं पाहिलं तर उलट आहे.

गावात धोका जास्त का?

पहिलं कारण रस्ता. रात्री गावाकडच्या रस्त्यावर दिवे नसतात. कापूस किंवा सोयाबीन भरलेली ट्रॉली मागे लाल दिवा न लावता उभी असते. शेतातून रोही किंवा रानडुक्कर अचानक आडवं येतं. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती डांबरावर पसरते आणि पुढचं चाक घसरतं. यातल्या कोणत्याच गोष्टीला सिग्नल नाही, पोलीस नाही.

दुसरं कारण दवाखान्याचं अंतर. हात-पाय मोडला तर प्लास्टर होतं, काही तास उशीर झाला तरी माणूस बहुधा वाचतो. डोक्याच्या आत रक्तस्राव झाला तर सीटी स्कॅन लागतो, मेंदूचे सर्जन लागतात, आणि वेळ फार थोडा असतो. शहरात ही सोय जवळ असते. आपल्याकडे गावातून तालुक्याला, तिथून बुलढाण्याला, मग पुढे मोठ्या शहरात, असा प्रवास होतो. ज्या जखमेवर जवळ इलाज नाही, ती जखम होऊच न देणं हाच आपला इलाज.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. ती बातमी देशभर गेली. मोटारसायकलवर मात्र एका वेळी एक-दोन माणसं जातात, म्हणून बातमी पेपरच्या आतल्या पानावर संपते. बेरीज केली की चित्र वेगळं दिसतं. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यात ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण होते: ३५,६९२ गाडी चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. हा मागे बसलेल्यांचा आकडा पुन्हा एकदा वाचा. त्यात कुणाची अम्मी आहे, कुणाची बीवी, कुणाचं लेकरू.

“मी तर हळू चालवतो”

हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण. थोडा हिशेब करू. गाडी जागेवर उभी आहे आणि माणूस नुसता बाजूला कोसळला, तरी साधारण दीड मीटर उंचीवरून खाली येणारं डोकं ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतं. वेग ताशी ५० असेल आणि समोर झाड किंवा ट्रॉली आली, तर तो धक्का जवळपास १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. आणि समोरचा ट्रकवाला हळू चालवतो की नाही, हे आपल्या हातात नाही.

हेल्मेट दोन प्रकारे काम करतं. बाहेरचं कठीण कवच धक्का एका जागी बसू न देता पसरवतं. आत थर्मोकोलसारखा जाड थर असतो, तो दबतो. डोकं थेट डांबराला लागलं तर ते क्षणात थांबतं, पण आतला मेंदू कवटीवर जाऊन आपटतो. तो थर दोन-तीन सेंटिमीटर दबला की डोक्याला थांबायला थोडी जागा आणि थोडा वेळ मिळतो. तेवढ्यावर जीव वाचतो. जगभरातल्या ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हे ज्ञानही एका मृत्यूतूनच पुढे आलं. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात गाजलेले इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये आपल्या घराजवळच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी वारले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स होते. त्यांनी पुढे लष्करातल्या मोटारसायकलवरच्या निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यानंतर ब्रिटिश लष्कराने या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. लॉरेन्सही लांबच्या प्रवासाला निघालेले नव्हते.

“तकदीरमध्ये असेल ते होईल”

तकदीरवर ईमान आहे, पण ते निष्काळजीपणाचं लायसन्स नाही. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरोसा ठेव, या अर्थाची हदीस लहानपणापासून आपण ऐकतो. उहुदच्या दिवशी अल्लाहचे रसूल ﷺ यांनी एकावर एक दोन चिलखतं घातली होती, आणि मक्का फतह झाली त्या दिवशी त्यांच्या डोक्यावर लोखंडी शिरस्त्राण होतं, असं हदीसच्या ग्रंथांत आलं आहे. ज्यांचा तवक्कुल सगळ्यांत मोठा, त्यांनी डोकं झाकलं. जीव ही अमानत आहे, आणि घरातला कमावता माणूस ही तर अख्ख्या घराची अमानत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं की सार्वजनिक जागी दुचाकीवर असलेल्या, चार वर्षांवरच्या प्रत्येकाने हेल्मेट घातलं पाहिजे, मग तो चालवणारा असो की मागे बसणारा. फक्त पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तीला सूट आहे. गावातला रस्ताही सार्वजनिकच आहे.

- हेल्मेट नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स रद्द होऊ शकतं. नोव्हेंबर २०२४ पासून महाराष्ट्रात मागे बसणाऱ्यावरही वेगळी कारवाई करण्याच्या सूचना आहेत.
- चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकतो. ट्रिपल सीटलाही १,००० रुपये दंड आहे.
- चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेटही लागतं, आणि वेग ताशी ४० च्या वर नको. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.
- अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

महाराष्ट्रात हेल्मेटसक्तीला विरोधही झाला आहे. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात सक्तीविरुद्ध आंदोलन झालं, तर १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिकमध्ये ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम सुरू झाली. पोलिसांची पद्धत चूक की बरोबर, यावर वाद होऊ शकतो. डोकं फुटतं की नाही, यावर होऊ शकत नाही. त्यामुळे चौकी आली की हेल्मेट घालायचं आणि ती मागे पडली की हँडलला अडकवायचं, यात पोलिसांचं काही जात नाही.

हेल्मेट घेताना

१ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकणंच बेकायदेशीर आहे. मार्कवर ‘आयएस ४१५१’ हा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असतो. तो परवाना क्रमांक सरकारच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून खरा-खोटा तपासता येतो. रस्त्याकडेला दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारी टोपी आतून पोकळ असते. ती दंडापासून कदाचित वाचवेल, पण रस्त्यावर डोकं आपटलं तर उपयोगाची नाही. चांगलं हेल्मेट साधारण एका दंडाच्या रकमेत येतं.

- भुवयांच्या जरा वर टेप धरून डोक्याचं माप घ्या. हेल्मेट घट्ट बसलं पाहिजे. डोकं हलवलं की ते डोक्याबरोबर फिरावं, वेगळं नाही.
- हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट घ्या. अर्ध्या हेल्मेटमध्ये जबडा उघडा राहतो.
- हनुवटीखालचा पट्टा लावा, त्यात दोन बोटं जेमतेम जावीत. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडण्याआधीच उडून जातं, आणि कायद्यालाही ते चालत नाही.
- रात्री काळी काच नको, पारदर्शक हवी.
- एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदला. आतला थर एकदाच दबतो, बाहेरून ते कितीही चांगलं दिसो.
- नवी गाडी घेताना आयएसआय हेल्मेट देणं नियमाने कंपनीवर बंधनकारक आहे. शोरूममध्ये ते मागून घ्या.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चढतो, घाम येतो, हे खरं आहे. हवा खेळण्यासाठी छिद्रं असलेलं, फिक्या रंगाचं आणि आतलं कापड काढून धुता येणारं हेल्मेट घ्या. आत पातळ सुती रुमाल बांधा. नमाजची टोपी खिशात ठेवा, मस्जिदीत पोचल्यावर घाला. फजरला आणि रमजानच्या रात्री रस्ता रिकामा असतो, म्हणूनच गाड्या वेगात येतात. त्या वेळी हेल्मेट विसरू नका.

महिला आणि मुलं

हिजाबवर हेल्मेट बसत नाही, हा गैरसमज आहे. पातळ कापडाचा हिजाब डोक्याला सपाट बांधा, पिना आणि मोठा अंबाडा टाळा, आणि हिजाब घालूनच माप घ्या. एका बाजूला पाय टाकून बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं सुरक्षित.

बुरख्याचं टोक, ओढणी किंवा साडीचा पदर मागच्या चाकात अडकला तर बाई मागच्या मागे खेचली जाते आणि डोक्यावर पडते. गाडीचे नियम सांगतात की मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी, धरायला दांडी आणि पाय ठेवायला फूटरेस्ट असलं पाहिजे. अनेकजण गाडी छान दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकतात. ती परत बसवा. निघण्याआधी कपडा आवरून मांडीखाली घ्या.

मुलांना पेट्रोलच्या टाकीवर बसवू नका. ब्रेक लागला की सगळ्यात आधी तेच हँडलवर आदळतात. मुलांच्या मापाचं हेल्मेट वेगळं मिळतं, मोठ्यांचं त्यांना चालत नाही.

बाकीचं अंग

पडताना माणूस आधी हात टेकवतो, म्हणून हातमोजे घाला. चप्पल पहिल्या धक्क्यात निघून जाते, म्हणून घोटा झाकणारा बूट बरा. सैल पायजमा आणि लुंगी चेनमध्ये अडकते. रोज लांब जाणाऱ्याने कोपर आणि गुडघ्यांचे गार्ड, जमलं तर जाड जॅकेट घ्यावं. अंधारात दिसावं म्हणून जॅकेटवर किंवा हेल्मेटमागे चमकणारी पट्टी चिकटवा. तिला फार खर्च येत नाही.

अपघात दिसला तर

१०८ वर फोन करा, रुग्णवाहिका मोफत आहे. जखमीची मान वाकवू नका, त्याला ओढून उचलू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट घाईने काढू नका. काढावंच लागलं तर एकाने डोकं-मान स्थिर धरावी आणि दुसऱ्याने हळूच काढावं. कानातून किंवा नाकातून रक्त, वारंवार उलटी, बडबड किंवा गुंगी दिसली तर माणूस चालता-बोलता असला तरी त्याला दवाखान्यात न्या. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना नेमलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही आहे.

आता काय करायचं?

घरात गाडी एक असली तरी हेल्मेट दोन हवीत, लेकरू सोबत जात असेल तर तिसरं छोटं. ती कपाटावर नको, गाडीच्या चावीशेजारी टांगा, म्हणजे चावी घेताना हेल्मेट हाताला लागेल. जुम्याला मस्जिदीत चार शब्द यावर बोलता येतील, शाळा-मदरशाच्या बैठकीतही. पण सुरुवात अब्बांनीच करावी. बाप उघड्या डोक्याने निघाला तर पोरगा ऐकत नाही, आणि बापाने पट्टा लावला तर पोराला सांगावं लागत नाही. शेतात जायचं असो की शेजारच्या गावी मय्यतीला, अंतर मोजू नका. आधी हेल्मेट घाला, पट्टा लावा, मग बिस्मिल्लाह म्हणून गाडी सुरू करा.