डिस्क इथली, पत्ता तिथला

शनिवार, 4 जून 2005. ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून तुम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात आला आहात. पावसाचा पत्ता नाही, शर्ट पाठीला चिकटलाय. पेनड्राइव्हच्या सवयीने खिसा चाचपू नका, तो नाही. असता तरी उपयोग शून्य, कारण ज्या लॅपटॉपसाठी डोंबिवलीहून ही पायपीट चाललीय त्याला यूएसबीच नाही.

तोशिबा लिब्रेटो 50सीटी. आकाराने व्हिडिओ कॅसेटच्या जवळपास, वजन साधारण 850 ग्रॅम. पडदा 6.1 इंची, पेंटियम 75 मेगाहर्ट्‌झचा, रॅम 16 एमबी. माउसऐवजी पडद्याच्या शेजारी एक छोटी घुंडी, आणि तिची बटणं झाकणाच्या पाठीमागे, म्हणजे झाकण चिमटीत धरूनच क्लिक करायचं. सीडी ड्राइव्ह नाही. फ्लॉपी ड्राइव्ह वेगळा यायचा आणि पीसीएमसीआयए कार्डाच्या खाचेत लागायचा, पण मामांनी लॅपटॉप अमेरिकेहून आणताना तो तिकडेच राहिला. आतलं विंडोज 95 अर्ध्यात मान टाकतं. ते जिवंत असतं तर डॉसमध्ये शिरून लोडलिन नावाच्या चिमुकल्या प्रोग्रॅमने थेट लिनक्सचं कर्नल उठवता आलं असतं. तो रस्ताही बंद.

राहता राहिली हार्डडिस्क. ती काढायची, दुसऱ्याच्या पीसीत लावायची, तिथे लिनक्स घालायचं आणि परत आणून बसवायची.

“चव्वेचाळीस-चाळीस? नोटबुकवाला?” काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो आणि ड्रॉवरमधून हिरवी पट्टी काढून काचेवर टाकतो. पीसीच्या आयडीई केबलला 40 पिना, लॅपटॉपच्या डिस्कला 44, त्याही दाटीने बसवलेल्या. जास्तीच्या चारांतून वीज जाते. पट्टीला वीज देणाऱ्या तारांत लाल 5 व्होल्टची, तीच कामाची. पीसीच्या कनेक्टरमधली पिवळी, 12 व्होल्टची, इथे नुसतीच लोंबते.

रविवारी सकाळी मित्राच्या घरी कॅबिनेट उघडता. काकू पोह्यांच्या बश्या घेऊन येतात आणि दारातच थबकतात. “तुम्ही दोघांनी काय हा पसारा मांडलाय! संध्याकाळी ह्यांना टॅली लागणार आहे हं. आमच्या डिस्कला हात लावायचा नाही.”

या एका वाक्याने तुमचा सगळा दिवस ठरतो, फक्त ते अजून तुमच्या ध्यानात आलेलं नाही.

लिब्रेटोचा बारीक स्क्रू काढून डिस्क बाहेर घ्या. तिच्या पिनांकडे नीट बघा. 44 पिनांच्या रांगांनंतर थोडी जागा सोडून आणखी चार पिना आहेत, त्या जंपरच्या. पट्टी घाईत दोन घरं सरकून बसली तर वीज भलतीकडे जाईल आणि डिस्क जागच्या जागी मरेल. केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे. पुन्हा एकदा बघा. मग बटण दाबा. काकांची डिस्क पहिल्या केबलवर आहे, तिला लिनक्स एचडीए म्हणतं. तुमची दुसऱ्या केबलवर, म्हणून एचडीसी.

सीडी डेबियन लिनक्स 3.0 ची, टोपणनाव वुडी. ‘टॉय स्टोरी’तला काउबॉय. जुलै 2002 मध्ये आलेली ही आवृत्ती. पुढची सार्ज येणार, येणार हे तेव्हापासून ऐकू येतंय. पार्टिशन पाडताना एक पथ्य पाळा. लिब्रेटो झोपी जाताना स्वतःची मेमरी डिस्कच्या शेपटाकडे उतरवून ठेवतो, आणि तो कोपरा पीसीला साधी मोकळी जागा वाटतो. शेवटचा पट्टा सोडून द्या. बाकी इन्स्टॉलेशन हां हां म्हणता होतं, कारण राबतोय मित्राचा दणकट पीसी. दुपारची वीज जायच्या आत उरका म्हणजे झालं, कारण लोडशेडिंगचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं आहे आणि यूपीएस जेमतेम बंद करण्यापुरता वेळ देतो.

डिस्क परत लिब्रेटोत. बटण. काळ्या पडद्यावर डावीकडे ‘एल’ हे अक्षर उमटतं आणि त्यापुढे 01 01 01 01, ओळीमागून ओळ.

सुरू करून देणारा प्रोग्रॅम लिलो. तो इंग्रजीतल्या आपल्या नावाची चार अक्षरं एकेक टप्पा पार पडला की एकेक छापतो, त्यामुळे कुठे अडला ते कळतं. इथे पहिल्यालाच अडलाय. यंत्र डिस्कवरचे पहिले 512 बाइट वाचतं, आणि त्यांत तुम्ही लिहून ठेवलंय की पुढचा भाग दुसऱ्या डिस्कवर शोध. पीसीत ते खरं होतं. लिब्रेटोत दुसरी डिस्क आहेच कुठे?

पुन्हा स्क्रू, पुन्हा पट्टी, सीडीवरून बूट करून लिलोच्या फाइलमध्ये दुरुस्ती: एचडीसीला बायोसची पहिली डिस्क समज. शिवाय दोन्ही यंत्रं डिस्कची मापं वेगवेगळी सांगू शकतात म्हणून ‘लिनियर’ हा शब्दही घाला. या वेळी चारही अक्षरं येतात, कर्नल धावू लागतं, ओळी भराभर वर सरकतात, मित्र टाळीसाठी हात पुढे करतो. आणि शेवटची ओळ: कर्नल पॅनिक, 16:01 वरची रूट फाइलसिस्टिम जोडता येत नाही.

हा आकडा मला फार आवडतो. तो वेळ सांगत नाही. सोळा-आधारी पद्धतीत 16 म्हणजे आपले 22, आणि 22 हा लिनक्सच्या खात्यात दुसऱ्या केबलचा क्रमांक. 01 म्हणजे पहिलं पार्टिशन. कर्नल बिचारं अजून एचडीसी1 शोधतंय. इथे हवं 03:01, म्हणजे एचडीए1. काकांची डिस्क काढून तिच्या जागी तुमची लावली असती तर ही वणवण झाली नसती, पण काकूंपुढे कोण बोलणार.

गंमत अशी की अवघड वाटणारा भाग कुठेच अडला नाही. एका यंत्रात घातलेली सिस्टिम दुसऱ्यात, निराळ्या प्रोसेसरवर, तशीच उठते. डेबियनचं सर्वसाधारण कर्नल सुरू होतानाच आजूबाजूला काय आहे ते चाचपून घेतं. अडलं ते माणसाने हाताने लिहिलेल्या पत्त्यांशी.

डिस्क पुन्हा पीसीत. लिलोच्या फाइलमधल्या फक्त ‘रूट’च्या ओळीत आणि एफएसटॅब या पार्टिशनांच्या यादीत एचडीसीचं एचडीए करा. लिलो पुन्हा चालवा. वीज जाते. दोन तास कॅरम. मग डिस्क लिब्रेटोत, बटण, चार अक्षरं, ओळींचा धबधबा, आणि मशीन तुमचं नाव विचारत थांबतं. संध्याकाळी टॅली वेळेवर सुरू होतं.

सोमवारी, 6 जूनला, डेबियन 3.1 जाहीर होतं. सार्ज आला. रात्री मित्राचा फोन: “तुझं वुडी एका दिवसात जुनं झालं की!” म्हणजे पुन्हा डिस्क काढायची? नाही. पीसीएमसीआयएच्या खाचेत आता नेटवर्क कार्ड बसेल, मित्राच्या पीसीपर्यंत क्रॉस केबल टाकता येईल, आणि पॅकेजं त्या तारेतून येतील. डायल-अपवर एवढं सगळं उतरवायचं तर बिल बघून घरचे बाहेर काढतील, तेव्हा मासिकाबरोबर सार्जची सीडी येईपर्यंत थांबायचं. ती मित्राच्या ड्राइव्हमध्ये घालायची, टॅली बंद असताना.