‘आघाडीवर’ म्हणजे नेमके कुठे?

स्पर्धेत सर्वांच्या पुढे असलेल्यासाठी मराठीत बरेच शब्द आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. त्यांच्यातला भेद मुख्यतः काळाचा आहे. स्पर्धेपूर्वी ज्याच्या नावाची चर्चा असते तो ‘प्रबळ दावेदार’, स्पर्धा चालू असताना पुढे असेल तो ‘आघाडीवर’ आणि निकाल लागल्यावर ‘विजयी’. टेनिस-बॅडमिंटनमधला ‘अग्रमानांकित’ दावेदारांतच मोडतो. त्याचे मानांकन मागच्या कामगिरीवरचे असते. या स्पर्धेत त्याने अजून एक गुणही मिळवलेला नसतो.

‘आघाडी’ हा शब्द लष्करी वापरात रुळलेला. फौजेचा पुढचा भाग आघाडी, मागचा पिछाडी. मराठी फौजेतल्या आघाडीच्या तुकडीला ‘बिनी’ म्हणत. मराठा सरदार विसाजी कृष्ण बिनीवाले यांचे नाव त्यावरूनच पडले, आणि ‘बिनीचा शिलेदार’ आजही आपण सहज म्हणतो. रणात आघाडी म्हणजे केवळ जागा. तिथे असणारा जिंकेलच असे नव्हे. उलट पहिला वार झेलायचा तो त्यानेच.

आज हा शब्द फार पसरला आहे. कबड्डीत ‘मध्यंतराला पाच गुणांची आघाडी’ म्हणजे अंतर, क्रिकेटमध्ये ‘आघाडीचे फलंदाज’ म्हणजे क्रम, तर ‘महाविकास आघाडी’ म्हणजे पक्षांची एकजूट. संदर्भ स्पष्ट असल्याने वाचक गोंधळत नाही. गोंधळ होतो तो आघाडी हाच निकाल मानला की.

४ जून २०२४ ला लोकसभेच्या मतमोजणीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात काय झाले ते पाहा. मतदान यंत्रांतील मतांत उमेदवार अमोल कीर्तिकर ४,५१,०९५, त्यांचे प्रतिस्पर्धी रवींद्र वायकर ४,५१,०९४. म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मते वायकरांना १,५५०, कीर्तिकरांना १,५०१. सगळी बेरीज झाली आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. नुसत्या यंत्रांच्या आकड्यांवर कीर्तिकर ‘आघाडीवर’ असे म्हटले तर ते खरेच ठरते. ‘विजयी’ म्हटले असते तर साफ चूक.

म्हणून माझा आग्रह आहे की बातमीत ‘आघाडीवर’ लिहिताना कितव्या फेरीअखेर, किती मतांनी आणि मोजणी किती बाकी, हे त्याच वाक्यात लिहावे. तेवढी जागा नसेल तर मथळ्यात हा शब्द वापरूच नये.